इंडेक्स असूनही पोस्टग्रेस तो का वापरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ऑर्डरचं टेबल, साधारण एक कोटी रेकॉर्ड, ‘स्थिती’ या कॉलमवर साधा बी-ट्री इंडेक्स, म्हणजे कोणतं मूल्य टेबलात कुठे आहे याची क्रमाने लावलेली सूची. ‘परत’ आलेल्या ऑर्डर मागितल्या की पोस्टग्रेस इंडेक्स वापरतो. ‘पोहोचली’ अशी स्थिती मागितली की त्याच इंडेक्सकडे ढुंकूनही न बघता सगळं टेबल वाचत सुटतो. विचारणाऱ्याला वाटतंय इंडेक्स बिघडलाय, दोनदा रीइंडेक्स करून (इंडेक्स नव्याने बांधून) झालंय, आणि आता प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची ते ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या भागाला, इंडेक्स वापरायला भाग कसं पाडायचं ते हवंय.

इंडेक्स धडधाकट आहे. आणि भाग पाडायची घाई करू नका. मी सतरा वर्षं डेटाबेस सांभाळतोय. ही तक्रार माझ्याकडे येते तेव्हा बहुतेक वेळा प्लॅनरचं बरोबर असतं. तो चुकतो तेव्हाही चूक इंडेक्समध्ये क्वचितच सापडते. ‘या अटीत किती रेकॉर्ड बसतील’ या एका अंदाजात ती असते. तो अंदाज कुठून येतो आणि कुठे फसतो हे एकदा नीट कळलं की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लॅनर क्वेरीचे शक्य ते सगळे मार्ग मांडतो, प्रत्येकाला किंमत लावतो आणि सर्वांत स्वस्त मार्ग घेतो. ही किंमत म्हणजे सेकंद किंवा मिलिसेकंद नव्हे. टेबलचं एक पान (डिस्कवरचा ठरावीक आकाराचा तुकडा) ओळीने वाचायचा खर्च 1, आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत. मधूनच कुठलं तरी एक पान उचलून आणायचं तर 4. एक रेकॉर्ड हाताळायचा 0.01, इंडेक्समधली एक नोंद 0.005, एक तुलना 0.0025. हे पोस्टग्रेसचे मूळ आकडे, कोणी बदलले नसतील तर तुमच्या सर्व्हरवरही हेच असणार.

आता तुमचंच टेबल घेऊ. पान 8 केबीचं असतं. एका पानात 80 रेकॉर्ड धरले तर एक कोटी रेकॉर्डना 1,25,000 पानं लागतात, म्हणजे जवळपास 1 जीबी. सगळं टेबल वाचायचं तर पानांचे 1,25,000, रेकॉर्डचे 1,00,000 आणि प्रत्येक रेकॉर्डवर अट तपासायचे 25,000. एकूण 2,50,000. पॅरलल स्कॅन (एकाच टेबलचं वाचन अनेक प्रोसेसमध्ये वाटून करणं) इथे मुद्दाम बाजूला ठेवतोय, नाहीतर हिशोब फुगतो.

‘परत’ आलेल्या ऑर्डर 10,000 आहेत असं समजा, टेबलभर विखुरलेल्या. इंडेक्समधून एकेक नोंद घेऊन टेबलात जायचं तर किती पानं उघडावी लागतील? काही रेकॉर्ड एकाच पानात भेटतात, म्हणून आकडा 10,000 पेक्षा थोडा कमी येतो. पोस्टग्रेस त्यासाठी मॅकर्ट आणि लोहमन यांचं 1989 चं सूत्र वापरतो. त्यानुसार 9,615 पानं येतात. गुणिले 4, म्हणजे 38,000 च्या वर. अडीच लाखांपुढे हे स्वस्तच. त्याहून स्वस्त बिटमॅप स्कॅन आहे. त्यात इंडेक्समधून आधी सगळ्या पानांचे पत्ते गोळा करायचे, ते क्रमाने लावायचे आणि मग टेबलातून एकच फेरी मारायची. त्याची किंमत 31,000 च्या आसपास पडते. तुमच्या प्लॅनमध्ये बहुधा हाच दिसत असेल.

‘पोहोचली’ची गोष्ट वेगळी. ते 92 लाख रेकॉर्ड आहेत असं धरा. बिटमॅपने गेलं तरी टेबलचं प्रत्येक पान उघडावंच लागणार, शिवाय इंडेक्सच्या 92 लाख नोंदी वाचायच्या त्या वरचा खर्च. हिशोब तीन लाखांच्या पलीकडे जातो. साध्या इंडेक्स स्कॅनचा सहा लाखांच्याही पुढे. सरळ वाचन अडीच लाखांत होतंय, तर प्लॅनरने दुसरं काय निवडावं?

तहसील कार्यालयाची रेकॉर्ड रूम डोळ्यांसमोर आणा. दहा फेरफार शोधायचे असतील तर कारकून आधी रजिस्टर उघडतो, बस्त्यांचे नंबर टिपतो आणि तेवढेच बस्ते काढतो. शंभरातले ब्याण्णव फेरफार मागितले तर तो रजिस्टरला हातही लावत नाही. पहिल्या रॅकपासून बस्ते सोडायला बसतो. रजिस्टर तेच, कारकून तोच.

मग सीमा कुठे? टक्केवारीचा ठोकताळा लोक सांगत असतात, पण असा एक आकडा नाही. वरच्याच टेबलात एक टक्का, म्हणजे एक लाख विखुरलेले रेकॉर्ड मागितले, तर साध्या इंडेक्स स्कॅनला 71,429 पानं उघडावी लागतात आणि नुसत्या पानांचीच किंमत 2,85,000 च्या वर जाते. म्हणजे एक टक्क्यालाच साधा इंडेक्स स्कॅन हरला. बिटमॅप मात्र सव्वा लाखाच्या आसपास राहून जिंकतो. आता मधूनच पान आणायचा खर्च 4 ऐवजी 1.1 करा. तो 4 चा आकडा फिरत्या डिस्कच्या काळातला. एसएसडीवर मधूनच वाचणं आणि ओळीने वाचणं यात एवढा फरक उरत नाही, म्हणून बरेच जण 1.1 ठेवतात. त्याच साध्या इंडेक्स स्कॅनच्या पानांची किंमत लगेच 78,500 वर येते. टेबल तेच, क्वेरी तीच, सरळ वाचनापुढे साध्या इंडेक्स स्कॅनचा निकाल उलटा. तुमचा सर्व्हर एसएसडीवर असेल आणि हा आकडा ठरवणारं ‘रँडम पेज कॉस्ट’ हे सेटिंग अजून 4 वरच असेल, तर पहिली दुरुस्ती तिथे करा.

याहून मोठा फरक एका गोष्टीने पडतो, आणि तिच्याकडे फार कमी जण बघतात. रेकॉर्ड टेबलात कोणत्या क्रमाने पडले आहेत? ऑर्डर जशा येतात तशा शेवटी जोडल्या जातात, म्हणून ‘नोंद वेळ’ या कॉलमचा क्रम आणि टेबलातल्या पानांचा क्रम जवळजवळ एकच असतो. तिथे एका काळातले एक लाख रेकॉर्ड मागितले तर ते 1,250 पानांत शेजारी शेजारी बसलेले सापडतात. पहिल्या पानाचे 4, बाकीच्यांचे प्रत्येकी 1, म्हणजे पानांचा खर्च साधारण 1,253. विखुरलेल्या एक लाखाला 2,85,000 आणि लागून असलेल्या एक लाखाला 1,253! प्लॅनर हे ‘कोरिलेशन’ या आकड्यावरून ओळखतो. तो उणे 1 ते 1 च्या दरम्यान असतो. किंमत लावताना त्याचा वर्ग घेतला जातो, त्यामुळे 0.5 कोरिलेशनचा फायदा निम्मा न मिळता पाव मिळतो. जुने रेकॉर्ड सतत अपडेट होणाऱ्या टेबलात हा क्रम हळूहळू मोडतो. काल चालणारा इंडेक्स आज का नको झाला याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

आता मूळ मुद्दा. 92 लाख आणि 10,000 हे आकडे प्लॅनरला कोण सांगतं? तो क्वेरी चालवायच्या आधी टेबल मोजत नाही. ॲनालाइझ, म्हणजे टेबलची आकडेवारी गोळा करायची आज्ञा, चालतं तेव्हा टेबलातून साधारण 30,000 रेकॉर्डचा नमुना उचलला जातो. टेबल लाखाचं असो वा दहा कोटींचं, नमुना तेवढाच. त्यातून प्रत्येक कॉलमसाठी सर्वाधिक आढळणाऱ्या कमाल 100 मूल्यांची यादी आणि त्यांचं प्रमाण, उरलेल्यांसाठी हिस्टोग्राम (मूल्यं कशी पसरली आहेत याचे टप्पे), वेगळी मूल्यं किती याचा अंदाज, नलचं म्हणजे रिकाम्या नोंदींचं प्रमाण आणि वर सांगितलेलं कोरिलेशन एवढं नोंदलं जातं. ‘पीजी स्टॅट्स’ या व्ह्यूमध्ये ते उघडून बघता येतं. जरूर बघा, प्लॅनरला तुमचा डेटा कसा दिसतो ते तिथे कळतं. तुमच्या ‘स्थिती’ कॉलमसमोर ‘पोहोचली’ आणि त्याखाली 0.92 च्या आसपासचा आकडा दिसेल.

ही पद्धत जुनी आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या सिस्टम आर प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी 1979 साली ती मांडली. आजच्या बहुतेक प्लॅनरचा पाया तोच. माहिती नसेल तिथे त्यांनीही ठरावीक अंदाज धरले होते, उदाहरणार्थ बरोबरीच्या अटीला एक दशांश.

अंदाज चुकला की काय होतं त्याचा एक अनुभव सांगतो. एका कंपनीत साठ दिवसांचे व्यवहार ठेवणारं टेबल होतं. रोज पावणेदोन लाखांच्या आसपास नवे रेकॉर्ड यायचे, रात्री सर्वांत जुन्या दिवसाचे तेवढेच डिलीट व्हायचे, एकूण एक कोटीच्या घरात. संध्याकाळी ‘आजचे व्यवहार’ असा रिपोर्ट निघायचा. कधी तो मिनिटभरात यायचा, कधी चाळीस मिनिटं. कोड तोच, डेटा जवळपास तेवढाच. नेटवर्कवाले, स्टोरेजवाले, सगळ्यांना बोलावून झालं होतं. मी आठवडाभर रोज प्लॅन काढून तारखेसकट वहीत उतरवला, तेव्हा दिसलं की रिपोर्ट तीन-चार दिवसांतून एकदा वेगात येतो आणि मधल्या दिवशी रखडतो.

तीन दिवस का? ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची मागे आपोआप चालणारी देखभाल) एखाद्या टेबलवर ॲनालाइझ तेव्हाच चालवतो जेव्हा बदललेल्या रेकॉर्डची संख्या टेबलच्या 10 टक्के अधिक 50 याच्या पलीकडे जाते. इथे 10 टक्के म्हणजे दहा लाख. इन्सर्ट आणि डिलीट मिळून रोज साडेतीन लाख. म्हणजे तीन दिवसांनी एकदा. आणि तारखेच्या कॉलममध्ये वेगळी मूल्यं साठच, त्यामुळे सगळ्या तारखा ‘सर्वाधिक आढळणाऱ्या’ यादीतच बसल्या होत्या. त्या यादीतल्या प्रमाणांची बेरीज जवळपास 1. आजची तारीख त्यात नाही, मग तिच्यासाठी उरलं शून्य. प्लॅनरचा अंदाज: 1 रेकॉर्ड. प्रत्यक्षात पावणेदोन लाख.

एकच रेकॉर्ड येणार म्हटल्यावर त्याने नेस्टेड लूप निवडला, म्हणजे या एका रेकॉर्डसाठी रिपोर्टला जोडलेल्या ग्राहकांच्या मोठ्या टेबलात इंडेक्सने एकदा डोकावून यायचं. एकदाच असतं तर ते उत्तमच होतं. ते पावणेदोन लाख वेळा झालं. तिथे इंडेक्स वापरला गेला हीच अडचण होती. हॅश जॉइनने, म्हणजे एका टेबलची मेमरीत तात्पुरती सूची करून दुसरं तिच्याशी जुळवत, दोन्ही टेबलं सरळ वाचली असती तर मिनिटभराचं काम. ‘इंडेक्स म्हणजे वेग’ हे मी त्या आठवड्यानंतर कोणालाही शिकवलेलं नाही. उपाय अगदी साधा निघाला. दिवसाचा पहिला मोठा लोड झाला की त्या टेबलवर ॲनालाइझ, आणि त्या एका टेबलपुरतं 10 टक्क्यांचं प्रमाण 1 टक्क्यावर आणलं. नमुना 30,000 चाच असल्यामुळे ॲनालाइझला काही सेकंद लागतात.

याच जातीची दुसरी चूक दोन कॉलमच्या नात्याची. पत्त्यांच्या टेबलात अट आहे: तालुका करवीर आणि जिल्हा कोल्हापूर. आपल्याला ठाऊक आहे की करवीर म्हटलं की कोल्हापूर आलंच, दुसरी अट काहीच गाळत नाही. प्लॅनरला भूगोल माहीत नाही. तो दोन्ही अटी स्वतंत्र समजून प्रमाणांचा गुणाकार करतो. महाराष्ट्रात 36 जिल्हे आणि 358 तालुके. एक कोटी पत्ते सगळीकडे सारखे वाटले आहेत असं धरलं तर एका तालुक्यात 28,000 येतात. प्लॅनरचा अंदाज त्याला पुन्हा 36 ने भागून 776. पुढे दोन-तीन जॉइन असतील तर ही छत्तीसपट चूक वाढत जाते. पोस्टग्रेस 10 पासून अशा जोडीसाठी ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ करता येतं, त्यात ‘डिपेन्डन्सीज’ हा प्रकार घ्या आणि लगेच ॲनालाइझ चालवा. राज्य-जिल्हा-पिनकोड, गाडीची कंपनी आणि मॉडेल, अशा जोड्या आपल्या डेटात सर्रास असतात, तरी ही सोय वापरलेली मला फार कमी ठिकाणी दिसली आहे. फार वाईट वाटतं, कारण एका ओळीचं काम आहे.

कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलं तर प्लॅनर दोन्हीकडून आंधळा होतो. ‘नोंद वेळ’मधून तारीख काढून तिची तुलना केली, तर मूळ कॉलमवरचा इंडेक्स लागू पडत नाही आणि त्या पदावलीची आकडेवारीही नसते. मग बरोबरीच्या अटीला तो ठरावीक 0.005 धरतो. एक कोटीच्या टेबलात हा अंदाज नेमका 50,000 येतो, तारीख कोणतीही द्या. प्लॅनमध्ये टेबलच्या बरोबर अर्धा टक्का असा गोल आकडा दिसला की मी पहिल्यांदा फंक्शन शोधतो. अट ‘या दिवसाच्या शून्य वाजल्यापासून दुसऱ्या दिवसाच्या शून्य वाजायच्या आत’ अशी मांडली की दोन्ही परत मिळतात. नाहीतर त्या पदावलीवरच इंडेक्स करा, मग ॲनालाइझ तिची आकडेवारीही गोळा करतं. बिगइंट (मोठे पूर्णांक) कॉलमची तुलना ॲप्लिकेशनने न्यूमेरिक (दशांश चालणारा प्रकार) म्हणून पाठवलेल्या मूल्याशी केली तरी असंच होतं. डेटाबेस मुकाट्याने कॉलमच न्यूमेरिकमध्ये बदलून बघतो आणि इंडेक्स बाजूला पडतो. मराठी नावं सुरुवातीच्या अक्षरांवरून लाइकने शोधणाऱ्यांनी एवढं बघावं की डेटाबेसचं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) ‘सी’ नसेल, तर साधा इंडेक्स त्या शोधाला चालत नाही. ‘टेक्स्ट पॅटर्न ऑप्स’ हा पर्याय देऊन वेगळा करावा लागतो.

लिमिटचा, म्हणजे ‘फक्त पहिल्या इतक्या ओळी द्या’ या मागणीचा, सापळा तुमच्या टेबलात नक्की येणार, म्हणून आधीच सांगतो. ‘परत आलेल्या ऑर्डरपैकी सर्वांत नव्या 10 दाखवा’, क्रम आयडीचा, उलटा. प्लॅनर म्हणतो, एक कोटीत 10,000 ‘परत’ आहेत, म्हणजे हजारात एक. प्रायमरी कीच्या, म्हणजे आयडीच्या, इंडेक्सवर शेवटून मागे चालत गेलो तर 10,000 रेकॉर्डमध्ये दहा मिळतील, सॉर्टही करावं लागणार नाही. हिशोब चोख, पण त्यात ‘परत’ ऑर्डर सगळीकडे सारख्या पसरल्या आहेत असं गृहीत धरलंय. प्रत्यक्षात ऑर्डर परत यायला आठवडा तरी लागतो. अगदी नव्या लाखो ऑर्डरमध्ये एकही ‘परत’ नसणारच. त्यामुळे तो लाखो रेकॉर्ड ओलांडत बसतो आणि दहा ओळींची क्वेरी अख्खा टेबल मागणाऱ्या क्वेरीसारखी रेंगाळते. इथे आकडेवारी कितीही ताजी असली तरी उपयोग नाही, कारण हे नातं ती टिपतच नाही. स्थिती आणि आयडी असा दोन कॉलमचा इंडेक्स करा, प्रश्न मिटतो.

तर तपासणी कशी करायची? ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ काढा (क्वेरी प्रत्यक्ष चालवून तिचा प्लॅन दाखवणारी आज्ञा, वरच्या ॲनालाइझहून वेगळी), सोबत किती पानं वाचली ते दाखवणारा बफर्सचा पर्याय द्या, आणि खर्चाच्या आकड्यांआधी अंदाजे रेकॉर्ड आणि प्रत्यक्ष रेकॉर्ड यांची तुलना करा. वाचन सर्वांत आतल्या पायरीपासून वर. दुप्पट-तिप्पट फरकाने सहसा काही बिघडत नाही. शंभरपट, हजारपट फरक जिथे पहिल्यांदा दिसतो, तिथे थांबा. त्याच्या वरच्या पायऱ्यांवर वेळ घालवू नका. एक काळजी घ्या, नेस्टेड लूपच्या आत दाखवलेले प्रत्यक्ष रेकॉर्ड दर फेरीची सरासरी असतात, त्यांना फेऱ्यांच्या संख्येने गुणल्याशिवाय खरा आकडा कळत नाही. अंदाज बरोबर असूनही प्लॅन वाईट असेल, तर मग खर्चाचे आकडे तपासायचे, रँडम पेज कॉस्टपासून सुरुवात करून.

डेव्हलपरच्या मशीनवर दोनशे रेकॉर्डचं टेबल घेऊन इंडेक्सची चाचणी करू नका. ते तीन पानांत मावतं, इंडेक्स कितीही चांगला असो, तिथे सरळ वाचनच होणार. आणि पीजी अपग्रेड हे साधन वापरून मोठी आवृत्ती बदललीत तर ॲनालाइझ विसरू नका. 18 च्या आधीच्या आवृत्त्यांत आकडेवारी नव्या सर्व्हरवर येत नसे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्याच क्वेरी एकदम रखडायच्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सीक्वेन्शियल स्कॅन बंद करायचं सेटिंग आहे, ते फक्त तुमच्या सेशनमध्ये आणि फक्त तुलनेसाठी वापरा. बंद करून ‘पोहोचली’ची क्वेरी चालवा, दोन्हींचा प्रत्यक्ष वेळ मोजा. एकाच वेळेवर विसंबू नका; दुसऱ्या खेपेला पानं मेमरीत आलेली असतात, म्हणून प्रत्येक तीन-चारदा चालवा. तुमच्या वर्णनावरून मला सरळ वाचनच जिंकेल असं वाटतं.

आणि माझं ऐकाल तर हा इंडेक्सच बदला. त्यातल्या शंभरातल्या ब्याण्णव नोंदी ‘पोहोचली’च्या आहेत, ज्यांसाठी तो कधीच वापरला जाणार नाही, तरी प्रत्येक ऑर्डर पोहोचली की त्यात लिहावं लागतं. त्याऐवजी पार्शल इंडेक्स (फक्त अटीत बसणाऱ्या रेकॉर्डचा) करा: आयडीवर, अट ‘स्थिती बरोबर परत’. एक कोटी नोंदींच्या जागी 10,000, आणि वर सांगितलेला लिमिटचा सापळाही त्यातच सुटतो. प्रलंबित ऑर्डरसाठी हवा असेल तर तसाच दुसरा. फक्त क्वेरीत ‘परत’ हा शब्द थेट लिहिलेला असू द्या. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये (आधी तयार करून पुन्हा पुन्हा चालवायच्या क्वेरीत) तो पॅरामीटर म्हणून गेला, तर पहिल्या पाच खेपांनंतर पोस्टग्रेस मूल्याला न बांधलेला सर्वसाधारण प्लॅन विचारात घेतो. त्या प्लॅनमध्ये पॅरामीटरचं मूल्य ‘परत’च असेल हे प्लॅनरला सिद्ध करता येत नाही, म्हणून हा इंडेक्स त्याला वापरता येत नाही.